पाणी न घालता

खडूबाईंचं जगाबद्दल फार चांगलं मत होतं, आणि त्यात जगाचा काडीचाही हात नव्हता.

ऐकू येणारी माणसं त्यांना मुळात सभ्य वाटत. थोडी विसरभोळी, दिलेला शब्द पुढच्या वेळेवर ढकलणारी, पण सभ्य. कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार त्या दिसल्या रे दिसल्या की तोंडातलं काहीबाही चघळत हसायचा आणि काहीतरी म्हणायचा. "या ताई, बऱ्या आहात ना?" असं तो म्हणतो, हे लेकीनं त्यांना सांगितलं होतं. शाळेतल्या बाई लेकीचं कौतुक करायच्या, डॉक्टर काळजीनं चौकशी करायचे, कारखान्यातले मॅनेजरसाहेब 'पुढच्या वेळी नक्की' म्हणायचे. हे सगळंही लेकीनंच सांगितलेलं.

रविवारी बहिऱ्यांच्या मंडळात सगळे जमत. तिथं एकेकाच्या कहाण्या निघायच्या. ह्याला बसमधून खाली उतरवलं, तिला मुलाखतीला आत घेतलंच नाही, कुणाला तोंडावर वेडा म्हटलं. सगळ्यांचे हात तावातावानं चालायचे. खडूबाई ते बघून घ्यायच्या आणि शेवटी खुणेनं म्हणायच्या, "माझ्या वाट्याला बाई असं कुणी आलं नाही." मंडळाचे चिटणीस म्हणजे एक दाढीवाले घड्याळदुरुस्तीवाले होते, स्वतःही बहिरे. ते एकदा त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "तुम्ही राहता कुठं नक्की? मलाही तिकडे एक खोली बघा."

खडूबाई जन्मापासून बहिऱ्या. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. शिवणाच्या खडूचा तुकडा कायम उजव्या कानावर अडकवलेला, म्हणून कारखान्यात हे नाव पडलं. सुरुवातीला कुणीतरी त्या खडूबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी हातानं सांगितलं होतं, "कान दिलेत, तर कशाला तरी वापरायला नकोत?"

कारखाना तयार कपड्यांचा. शिवणारे वरच्या मजल्यावर, आणि खडूबाई तळमजल्यावर कटिंगला. लांबच लांब टेबल, त्यावर कापडाचे थर अंथरायचे, साठ, सत्तर, कधी ऐंशी. वर कागदी नमुना ठेवून खडूनं आखायचं आणि उभ्या पात्याचं मशीन त्यातून फिरवायचं. डाव्या हातात लोखंडी जाळीचा मोजा. ह्या कामात चूक एकदा होत नाही, एकदम ऐंशी वेळा होते. थर अंथरून झाले की खडूबाई कडेवरून तळवा फिरवत जायच्या, आणि मधलाच एखादा थर ताणला गेला असेल तर तिथं त्यांचा हात थांबायचा. मग सगळं उचलून पुन्हा पहिल्यापासून. घाईच्या दिवशी बाकीचे कपाळाला हात लावायचे. पण खडूबाईंच्या टेबलावर कापलेला माल वरून परत आलाय, असं एकोणीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं.

तर अशा बाईंनी कटिंग मास्तर व्हायला हवं, हे शेंबडं पोरही सांगेल. मास्तरची जागा दोनदा रिकामी झाली, आणि दोन्ही वेळा खडूबाईंनीच शिकवून तयार केलेला माणूस मास्तर झाला. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात; म्हण आंधळ्यांची असली तरी बहिऱ्यांनाही मापात बसते.

पहिल्या वेळी लेक चौदा वर्षांची होती. नवरा जाऊन आठ वर्षं झालेली. तोही बहिरा होता; तो गेल्यावर घरात ऐकणारं माणूस लेक एकटीच, आणि सहाव्या वर्षापासून आईच्या वतीनं जगाशी बोलायचं काम तिच्याकडे आलं होतं. खडूबाईंना लिहिता येत होतं, पण बेताचं. कारखान्यात चिठ्ठ्यांवर काम भागायचं. माप, रंग, तारीख. राग काही चिठ्ठीत मावत नाही. म्हणून खडूबाई लेकीला शाळेच्या गणवेशातच मॅनेजरसाहेबांच्या खोलीत घेऊन गेल्या आणि साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून तीन वाक्यं बोलल्या. "ही जागा माझी आहे. तुम्ही ज्याला ती देताय, त्याला मशीन धरायला मी शिकवलं. मला दिली नाहीत तर मी काम सोडते." हात असे चालवले की कानावरचा खडू खाली पडला.

लेक साहेबांशी बोलली. साहेब मान डोलावून हसले आणि काहीतरी म्हणाले. लेकीनं आईकडे वळून सांगितलं, "ते म्हणतात, तुझ्यासारखी कारागीर त्यांनी पाहिली नाही. पुढच्या वेळी नक्की."

खडूबाई चाटच पडल्या. इतकं कडक बोलल्यावरही माणूस हसतो, म्हणजे मनानं मोठाच म्हणायचा. अशा माणसाला अडचणीत टाकून काम सोडणं त्यांना बरं दिसेना. पाच वर्षांनी जागा पुन्हा रिकामी झाली. तीच खोली, तीच तीन वाक्यं, तेच हसणं. फक्त लेक एकोणीस वर्षांची झाली होती.

आता तिसरी वेळ आली. मास्तरांचे गुडघे गेले आणि त्यांनी निवृत्तीची तारीख दिली. खडूबाई अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या. ही जागा हुकली तर पुढची रिकामी होईपर्यंत आपणच निवृत्त होऊ, एवढा हिशोब त्यांना येत होता. मंडळात त्यांनी सांगितलं, तेव्हा दाढीवाले म्हणाले, "दुभाषी मागा. कायद्यानं हक्क आहे तुमचा. अर्ज द्या, कंपनीनंच सोय करायची. हल्ली टॅबलेटवर व्हिडिओ कॉलनं बसतात त्या."

"साहेब चांगले आहेत हो," खडूबाई म्हणाल्या, "उगाच कशाला अर्ज वगैरे?"

"भीड भिकेची बहीण," दाढीवाल्यांनी ठणकावलं, आणि स्वतःच अर्ज लिहून काढला.

खडूबाईंनी सही केली ती मात्र वेगळ्याच विचारानं. लेक आता औषधांच्या दुकानात नोकरीला होती; आईच्या कामासाठी तिला सारखी रजा काढायला लागू नये, एवढंच त्यांच्या मनात. त्यांना वाटलं, लेक खूश होईल. लेक लालबुंद झाली.

"मी आहे ना! परक्या बाईला कशाला आणायचं मधे?"

"तुझी रजा वाचेल."

"मला नको वाचायला. मी येणार."

खडूबाईंना काही कळेना. पण पोरीचा जीव आहे आपल्यावर, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

ठरल्या दिवशी साहेबांच्या खोलीत चौघं बसले होते. साहेब, त्यांचा कारकून, खडूबाई आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेली लेक. टॅबलेट पाण्याच्या जगला टेकवून उभा केलेला. पडद्यावर गडद निळ्या कपड्यातली एक मध्यमवयीन बाई, मागं कोरी भिंत. तिनं आधी नियम सांगितला, तोंडानं आणि हातानं दोन्हीकडून. "या खोलीत जे बोललं जाईल ते सगळं मी खुणांत सांगेन. बाई जे सांगतील ते सगळं आवाजात सांगेन. मी काही गाळत नाही आणि काही घालत नाही."

"हो हो, चालू द्या," साहेब म्हणाले. औषधाच्या बाटलीवरच्या सूचना आपण जितक्या लक्षपूर्वक वाचतो, तितकंच त्यांनी ते ऐकलं होतं.

खडूबाईंनी तीन वाक्यं सांगितली, आणि ह्या वेळी चौथं जोडलं. "हे मी तुम्हाला तिसऱ्यांदा सांगते आहे."

साहेबांच्या हातातलं पेन थांबलं. ते हसले नाहीत. खडूबाईंना ते जरा विचित्रच वाटलं.

"तिसऱ्यांदा?" साहेब म्हणाले. "बाई, दोन्ही वेळा तुम्हीच कळवलंत की मला जबाबदारी नको, आहे तिथं बरं आहे. ही तुमची मुलगीच म्हणाली होती."

दुभाषीबाईंच्या हातांनी ते जसंच्या तसं मांडलं. खडूबाईंनी ते पाहिलं, आणि मग लेकीकडे पाहिलं. लेक टेबलाच्या कडेकडे बघत होती.

तेवढ्यात साहेब कारकुनाकडे झुकले आणि पुटपुटले. ऐकणाऱ्या माणसांची ही जुनी खोड. बहिऱ्यासमोर आवाज खाली केला की आपण खोलीबाहेर गेलो, असं त्यांना वाटतं. दुभाषीबाईंनी आधी 'हळू आवाजात, शेजारच्याला' अशी खूण केली आणि पुढचं सगळं सांगून टाकलं. "एक तर ऐकू येत नाही, वर हिला मास्तर व्हायचंय. उद्या कुणाचा हात कापला गेला, तर त्याचं ओरडणं हिला काय पत्रानं कळवायचं?"

अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच कुणाचं खवचट बोलणं खडूबाईंपर्यंत ताजं ताजं, वाफाळतं येऊन पोचलं होतं. त्यांना राग आला. आणि खरं सांगायचं तर, रागाच्या खाली कुठंतरी बरंही वाटलं. समोरचा माणूस खरोखर कोण आहे, ते निदान दिसलं.

त्यांनी हात वर केले. "पत्र नको, साहेब. चार मशीनं चालू असताना ओरडणं कुणालाच ऐकू येत नाही. मागच्या वर्षी एका पोराचा मोजा पात्यात अडकला, तेव्हा मास्तर त्याच्याकडे पाठ करून दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांना कान होते ना? बटण कुणी बंद केलं?"

हे आवाजात ऐकताना साहेबांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. आपलं पुटपुटणं पोचलंय, हे आत्ता कुठं त्यांच्या डोक्यात शिरत होतं.

"बाईंनीच बंद केलं होतं, साहेब," कारकून म्हणाला. त्याला बिचाऱ्याला राहवलं नाही.

"कारण मी बघत असते," खडूबाई म्हणाल्या. "दर मिनिटाला मान वर करून सगळीकडे बघते. मला दुसरा इलाज नाही."

"ते ठीक आहे हो," साहेब म्हणाले, "पण तुमच्या मुलीनंच मला चुकीचं..."

"पहिल्या वेळी ती चौदा वर्षांची होती." खडूबाईंचे हात आता सावकाश चालत होते. "चौदा वर्षांच्या पोरीच्या तोंडून तुम्ही माझी नोकरी ठरवलीत. मोठं माणूस बोलावणं तुमचं काम होतं, तिचं नव्हतं."

लेकीनं मान वर केली, पण आई तिच्याकडे बघत नव्हती.

तीन महिने परीक्षा म्हणून मास्तरकी द्यायची, टेबलांवर इशाऱ्याचे दिवे लावायचे, दर आठवड्याच्या बैठकीला दुभाषी असेल, आणि हे सगळं कागदावर. एवढं ठरून ती बैठक उठली. खडूबाईंनी कागद वाचला, दाढीवाल्यांना फोटो पाठवला, त्यांचं 'ठीक' आल्यावर सही केली. आयुष्यभर जे मागितलं ते अर्धं का होईना पदरात पडलं होतं. त्यांना जिना उतरताना रडू येत होतं, आणि ते आनंदाचं नव्हतं.

बहिऱ्या माणसाला अबोला धरायचा असेल तर ते डोळे फिरवतं. घरी पोचल्यावर लेक समोर आली की खडूबाई खिडकीकडे वळायच्या. लेक खिडकीशी गेली की त्या ओट्याकडे. स्वयंपाकघरातल्या त्या एवढ्याशा टेबलाभोवती मायलेकींनी तीन फेऱ्या मारल्या. शेवटी लेकीनं दिव्याचं बटण चालू-बंद, चालू-बंद केलं. घरात आग लागली तरच करायचं, असं तिला लहानपणापासून बजावलेलं होतं. खडूबाईंना वळावंच लागलं.

"तू काम सोडलं असतंस," लेकीचे हात भराभर चालले. "बाबा नव्हते. मी घाबरले होते. मला वाटलं, आपण खाणार काय?"

"आणि एकोणिसाव्या वर्षी? तेव्हाही घाबरली होतीस?"

"तेव्हा सवय झाली होती," तिनं सांगितलं. "आणि तू किती मजेत असायचीस, आई. तुझं जग एवढं चांगलं होतं. ते मोडायचं कसं?"

"ते माझं नव्हतंच," खडूबाई म्हणाल्या. "तू शिवून दिलेलं होतं. मापात नव्हतं ते." मग त्यांनी खुर्ची ओढली. "बस. सगळं सांग. पहिल्यापासून."

लेकीनं सांगितलं. शाळेतल्या बाई म्हणायच्या, हिच्या आईला बोलावून काय उपयोग. डॉक्टरांनी विचारलं होतं, दोघंही बहिरे असून मूल कशाला होऊ दिलं. ते मूल म्हणजे ती स्वतःच. तेव्हा सात वर्षांची, ते बोलणं ऐकत उभी होती, आणि तिनं आईला सांगितलं होतं की डॉक्टर म्हणतात, मुलगी गुणी आहे. साहेब पहिल्या वेळी काय म्हणाले, दुसऱ्या वेळी काय म्हणाले. खडूबाई एकेक गिळत गेल्या.

"आणि तो कोपऱ्यावरचा?" त्यांनी विचारलं. "तो तरी?"

लेकीनं ओठ चावला. "तो म्हणतो, 'आली मुकी. आता अर्धा तास हातवारे.'"

"रोज?"

"रोज."

काय असेल ते असो, डॉक्टरांपेक्षा, साहेबांपेक्षा खडूबाईंना हेच जास्त लागलं. त्या माणसाच्या दुकानात उन्हाचा त्रास होतो म्हणून त्यांनी त्याला स्वतः पडदा शिवून दिला होता. चांगल्या जाड कापडाचा, दुहेरी शिवणीचा. इतकी वर्षं झाली, अजून एक टाका उसवला नव्हता.

खडूबाई लेकीच्या हातांकडे बघत राहिल्या. सहा वर्षांच्या पोरीनं हे सगळं कानांनी ऐकायचं, पोटात ठेवायचं आणि हातांनी 'या ताई' म्हणायचं. आपल्यावर फेकलेला प्रत्येक दगड हिनं अंगावर घेतला, आणि आपण मंडळात बसून म्हणत होतो की मला कुणी दगड मारत नाही. रागही होता, आणि माया अशी दाटून आली की दोन्हीतलं काय आधी बोलावं, ते त्यांना सुचेना. बहिऱ्यांच्या घरात कुणी कुणाचे हात सहसा धरत नाही. ते तोंड दाबण्यासारखं असतं. खडूबाईंनी त्या संध्याकाळी लेकीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

सोडल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, "यापुढे पाणी घालायचं नाही. माझ्या बोलण्यात नाही, आणि त्यांच्याही नाही."

मास्तरकीचे तीन महिने काही फुलांच्या पायघड्यांवरून गेले नाहीत. दिवे लागले, लाल म्हणजे मशीन बंद, पिवळा म्हणजे मास्तरांना बोलवा. पहिल्या आठवड्यात पोरांनी गंमत म्हणून पिवळा इतक्यांदा लावला, की खडूबाईंनी दिवा लावणाऱ्याला त्या दिवशीचे सगळे थर उचलून पुन्हा अंथरायला लावले. मग गंमत संपली. कामाचे निरोप फोनवर लिहून जायला लागले, आणि पोरांनीही 'ताणलं', 'उलटं', 'थांब', 'झकास' अशा पंचवीसेक खुणा शिकून घेतल्या. त्यातल्या दोन-तीन शिव्या होत्या, पण त्या खडूबाईंनी शिकवल्या नव्हत्या, असं त्यांचं म्हणणं. साहेब बैठकीत आता पुटपुटत नसत. तीन महिन्यांनी पक्कं पत्र आलं.

इकडे लेकीला सुरुवातीला हात रिकामे वाटायचे. बँकेत आई व्हिडिओ कॉल लावून बसायची आणि ही बाजूच्या बाकावर नुसती. एकदा ती बसल्या बसल्या चक्क झोपली. सहाव्या वर्षानंतर आईबरोबर बाहेर असताना ती पहिल्यांदाच झोपली असेल.

पत्र आलं त्या दिवशी खडूबाईंनी पिशवी उचलली. "चल, साखर आणू. कोपऱ्यावरून."

तीन महिने खडूबाई दोन गल्ल्या पलीकडच्या दुकानात जात होत्या. लेक उंबऱ्यातच थबकली, पण गेली.

पडदा जागच्या जागी होता. दुकानदार चघळत होता. त्यांना बघून तो तोंडभर हसला आणि काहीतरी म्हणाला. खडूबाईंनी लेकीकडे भुवया उंचावल्या.

लेकीच्या हातांनी सांगितलं, "तो म्हणतो, 'मुकी आली वाटतं परत. मला वाटलं, सुटलो.'"

खडूबाईंनी मान डोलावली. पिशवी खाली ठेवली, कारण बोलायला दोन्ही हात मोकळे हवेत. मग त्या सावकाश, मोठ्या खुणांनी बोलल्या.

"मी मुकी नाही, बहिरी आहे. तो पडदा मी तुम्हाला चांगला माणूस समजून शिवून दिला होता. परत मागत नाही. त्याला शोभेल असं वागा."

लेक बोलायला लागली. मधेच तिचे ओठ थांबले. खडूबाईंनी ते वाक्य पुन्हा केलं, जसंच्या तसं, आणि वाट पाहिली. लेकीचे ओठ पुन्हा हलले, गळ्याची शीर ताठ झाली.

तिनं सगळं म्हटलं की नाही, हे कळायला खडूबाईंना कान नव्हते. त्यांनी दुकानदाराच्या तोंडाकडे पाहिलं. त्याचं चघळणं थांबलं होतं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो त्यांच्याकडे बघून हसत नव्हता.